मदत हवी आहे: बाळाचा सॅजिटल सांधा लवकर जुळलाय, पण डोक्याचा घेर नॉर्मल

नमस्कार मंडळी,

आमचा मुलगा साडेतीन महिन्यांचा आहे. जन्मापासूनच डोकं लांबट होतं. प्रसूतीत दबलं असेल, होईल गोल, असं सगळेच म्हणत होते. झालं उलटंच. आता वरून पाहिलं की कानांच्या वरच्या बाजू चपट्या, कपाळ पुढे आणि मागचा भाग निमुळता होऊन बाहेर आलेला दिसतो. टाळूपासून मागे मधोमध बोट फिरवलं की हाडाची उंच कड लागते. न्यूरोसर्जननी सॅजिटल क्रॅनिओसिनोस्टोसिसचं, म्हणजे कवटीच्या मधोमध पुढून मागे जाणारा सॅजिटल सांधा वेळेआधीच जुळल्याचं, निदान केलंय.

माझा गोंधळ असा आहे. घेर 41 सेंटिमीटर, म्हणजे तक्त्यात जवळपास मधल्या रेषेवर. पुढची टाळूही उघडी आहे. मग सांधा बंद असताना डोकं वाढतंय कसं? मला समजलंय ते असं: जुळलेल्या सांध्याच्या आडव्या दिशेने कवटी वाढू शकत नाही, मेंदू तर वाढतच असतो, म्हणून उरलेले सांधे ती वाढ पुढे-मागे काढून देतात. त्याची लांबी 15 आणि रुंदी साडेदहा सेंटिमीटर आहे. हे बरोबर असेल तर नुसत्या घेरावर विसंबून चालणार नाही ना? आतला दाब वाढतोय हे मग ओळखायचं कसं?

दुसरं, शस्त्रक्रिया. दुर्बिणीतून केली तर चिरा लहान आणि रक्तही कमी जातं, पण ती लगेच करायला हवी आणि पुढे कित्येक महिने हेल्मेट, तेही जवळजवळ दिवसभर. नाहीतर थांबून वर्षाच्या आत मोठी शस्त्रक्रिया करून कवटीला नव्याने आकार द्यायचा. एवढ्याशा जिवाला भूल द्यायची या विचारानेच झोप उडालीय. ज्यांनी हा निर्णय घेतलाय त्यांनी कृपया लिहा. डोकं दाबून गोल करायचे उपाय मात्र नकोत, जुळलेलं हाड दाबून सुटत नाही.

प्रतिसाद

तुम्हाला समजलंय ते बरोबर आहे. हा नियम जर्मन डॉक्टर फिरखो यांनी 1851 मध्येच मांडला होता. सॅजिटलमध्ये घेर नॉर्मल, कधी कधी जास्तही येतो, त्यामुळे रुंदी लांबीच्या किती टक्के आहे ते बघा. तुमच्या आकड्यांवरून ते 70 येतं, म्हणजे डोकं अरुंदच आहे.

एकच सांधा जुळला असेल तर बहुतेक बाळांत दाब वाढत नाही, पण लक्ष ठेवावं लागतं. टाळू फुगून घट्ट लागणं, वारंवार उलट्या, सुस्ती, नजर सतत खाली वळलेली, यातलं काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा. डोळ्यांचा पडदा तपासून घ्या, पण तो ठीक आहे म्हणजे दाब नाहीच, असं इतक्या लहान वयात ठामपणे म्हणता येत नाही.

आमच्या मुलीची दुर्बिणीतून झाली. हेल्मेटची सवय तिला लवकर झाली, आम्हालाच वेळ लागला. दर वेळी काढल्यावर कातडी बघायची. लालसर डाग तासाभरात गेला नाही तर हेल्मेट घासून सैल करून घ्यायचं. हाड कोवळं असतानाच या पद्धतीचा उपयोग होतो आणि 6 महिन्यांनंतर ती सहसा करत नाहीत. तेव्हा आधी सर्जनना विचारा की तुमच्या बाळाला ती चालेल का, आणि लहान बाळांना भूल देणारे तज्ज्ञ त्यांच्या टीममध्ये आहेत का. हे याच आठवड्यात विचारा.