टीएफएम (एकूण स्निग्धांश) ७६ चा साबण की डॉक्टरांनी दिलेली वडी? घटकांची यादी कशी वाचावी?

प्रश्न : विश्रामबाग, सांगली

नमस्कार. माझ्या सासूबाईंचे वय ७१ आहे. गेले दोन हिवाळे त्यांच्या पोटऱ्यांची कातडी इतकी कोरडी पडते की नख ओढले, तर पाटीवर पेन्सिल ओढल्यासारखी पांढरी रेघ उठते. त्वचारोगतज्ज्ञांनी साबण पूर्ण बंद करून ‘सिंडेट बार’ (साबणाऐवजी कृत्रिम स्वच्छताद्रव्यापासून केलेली वडी) वापरायला सांगितला आहे. ही वडी ७५ ग्रॅमची असून आमच्या नेहमीच्या साबणाच्या जवळजवळ पाचपट किमतीची आहे. सासूबाईंना हा खर्च पटत नाही. त्यातच आमच्या नेहमीच्या दुकानदारांनी सांगितले की, “टीएफएम ७६ लिहिलेला साबण घ्या, तोच सौम्य असतो, बाकी सगळे नावाचे पैसे.” आमच्या घरातल्या साबणावर ‘ग्रेड १, टीएफएम ७६ टक्के’ असे छापलेले आहेच, आणि तरीही पांढऱ्या रेघा उठतात.

म्हणून काल दोन्ही वेष्टने भिंगाखाली धरून वाचली. नेहमीच्या साबणावर सोडियम पामेट, सोडियम पाम कर्नेलेट, पाणी, ग्लिसरीन, सुगंधी द्रव्य, मीठ, हळदीचा अर्क, टेट्रासोडियम ईडीटीए आणि शेवटी रंगाचा एक क्रमांक, सीआय १९१४०, असा क्रम आहे. डॉक्टरांच्या वडीवर सोडियम कोकॉइल आयसेथिओनेट पहिले आहे, त्यानंतर स्टिअरिक आम्ल वगैरे आहे. टीएफएमचा आकडा मात्र कुठेच नाही. आकडाच नाही म्हणजे ती हलक्या प्रतीची समजावी का?

दुसरी शंका शाम्पूची आहे. मुलीने ‘सल्फेटविरहित’ असे ठळक लिहिलेली बाटली आणली आहे. तिची आणि आमच्या जुन्या शाम्पूची यादी शेजारी ठेवली, तर निम्म्याहून अधिक नावे सारखीच निघाली. घरात शाम्पूच्या पुड्याही पडलेल्या असतात, पण त्यांच्यावर यादीच सापडत नाही. जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर १ : मिरज (शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त)

ताई, आपले दुकानदार एक खरी गोष्ट सांगत आहेत, पण ती आपल्या प्रश्नाचे उत्तर नाही. टीएफएम म्हणजे वडीतील एकूण स्निग्धांश. भारतीय मानकांनुसार ‘टॉयलेट सोप’च्या तीन प्रती आहेत : पहिल्या प्रतीत किमान ७६ टक्के, दुसरीत ७० आणि तिसरीत ६०. ज्या वडीवर ‘बेदिंग बार’ असे लिहिलेले असते तिच्यासाठी मानक वेगळे आहे आणि तिथे ४० टक्केही चालतात. त्यामुळे हा आकडा पाहून वडीत साबण किती आणि भरताड किती, हे कळते. ७६ ची वडी साबणदाणीत लवकर चिखल होत नाही, हेही खरे. परंतु तो साबण त्वचेला कसा वागवतो, याविषयी हा आकडा काहीच सांगत नाही.

साबण म्हणजे तेल किंवा चरबी आणि कॉस्टिक सोडा यांच्यापासून झालेला क्षार. यादीतील सोडियम पामेट हे पाम तेलापासून आलेले आहे, पाम कर्नेलेट पामच्या बियांच्या तेलापासून, कोकोएट खोबरेल तेलापासून आणि टॅलोएट प्राण्यांच्या चरबीपासून. यांपैकी काहीही पहिल्या क्रमांकावर असले, तर ती वडी खरा साबण आहे असे समजावे, आणि खऱ्या साबणाच्या पाण्याचा सामू (पीएच; ७ म्हणजे उदासीन, त्याहून जास्त अल्कधर्मी, कमी आम्लधर्मी) ९ ते १० च्या आसपास असतो. त्वचेचा सामू मात्र साधारण ५ च्या जवळ, म्हणजे किंचित आम्लधर्मी असतो. तरुण कातडी आंघोळीनंतर थोड्या वेळात पूर्ववत होते. सत्तरीनंतर तिला वेळ लागतो, कारण मुळात तेलग्रंथींचे काम मंदावलेले असते. सिंडेट वडीत साबण नसतो किंवा थोडाच असतो. तिच्यातील आयसेथिओनेटही खोबरेलाच्या स्निग्धाम्लांपासूनच करतात, पण त्याचे पाणी उदासीन किंवा किंचित आम्लधर्मी ठेवता येते. साबणाच्या प्रती ठरवणारा आकडा तिच्यावर नसणे हे स्वाभाविक आहे. दुधाची फॅट ताकाला लावण्यासारखे ते होईल.

हे कोणाच्या शब्दावर मानण्याची गरज नाही, कारण आपण हळदीच्या सांगलीत राहता. वस्त्रावर हळदीचा डाग पडला आणि त्याला साबण लावला की तो लाल होतो, हे आपण शेकडो वेळा पाहिले असेल. हळदीला चुना लागला की कुंकू होते, तेही याच गुणामुळे. चमचाभर हळद थोड्या कोमट पाण्यात कालवून पांढऱ्या सुती कापडाच्या पट्ट्या तिच्यात बुडवाव्यात आणि सावलीत वाळवाव्यात. प्रत्येक वडीचा ओला फेस एकेका पट्टीवर ठेवून पाहावा. पट्टी लालसर तपकिरी झाली तर ती वडी अल्कधर्मी आहे.

उत्तर २ : सातारा (एमआयडीसीतील एका छोट्या कारखान्यात मिश्रण विभागात ११ वर्षे)

सरांनी साबणाचे सांगितले आहे, मी यादीच्या क्रमाविषयी लिहितो, कारण खरी गंमत तिथे आहे. सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० प्रमाणे ज्या घटकाचे प्रमाण १ टक्क्यापेक्षा जास्त आहे ते सर्व उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. १ टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक मात्र त्यानंतर कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. ही १ टक्क्याची रेघ वेष्टनावर छापलेली नसते, ती आपणच अंदाजाने ओढायची. साबणात सुगंधी द्रव्य बहुधा १ टक्क्याच्या आसपास टाकतात, म्हणून यादीत सुगंधानंतर जे काही आहे ते चिमटीने टाकलेले आहे असे धरून चालावे. शाम्पूत फिनॉक्सीएथेनॉल हे परिरक्षक दिसले तर तीच खूण समजावी, कारण युरोपात त्याची कमाल मर्यादा १ टक्का आहे आणि सहसा त्याहून जास्त कोणी वापरत नाही.

आता आपल्या हळदीच्या साबणाकडे पाहा. हळदीचा अर्क सुगंधानंतर, मिठानंतर आहे. पिवळा रंग मात्र सीआय १९१४० चा आहे, म्हणजे टारट्राझिनचा. साबणात खरोखर भरपूर हळद घातली असती, तर सरांनी सांगितलेल्या कारणानेच ती वडी लिंबासारखी पिवळी राहिली नसती, तांबूस झाली असती. आमच्याकडे एकदा एका गिऱ्हाइकाच्या आग्रहाखातर राजापुरी हळद घालून घाणा काढला होता. वड्या विटकरी रंगाच्या निघाल्या आणि गिऱ्हाइकाने “हा हळदीचा साबण वाटतच नाही” म्हणून त्या परत केल्या! तेव्हापासून वेष्टनावरच्या हळकुंडाच्या चित्राकडे मी सजावट म्हणूनच पाहतो.

शाम्पूबद्दल. सोडियम लॉरिल सल्फेट आणि सोडियम लॉरेथ सल्फेट ही दोन नावे लोक एकच समजतात. ‘एथ’ आलेले दुसरे द्रव्य पहिल्यापेक्षा सौम्य असते. ‘सल्फेटविरहित’ बाटलीवर पाण्यानंतर ओलेफिन सल्फोनेट असे नाव आहे का, ते पाहा. ते सल्फेट नाही, त्यामुळे दावा खोटा ठरत नाही, पण तेल काढण्यात तेही चांगलेच कडक आहे. दोन्ही याद्यांत कोकामिडोप्रोपिल बीटेन, मीठ, ग्वार हायड्रॉक्सीप्रोपिलट्रायमोनियम क्लोराइड असणारच. बीटेन फेसाची धार कमी करते, मिठाने शाम्पू घट्ट होतो आणि ते ग्वारचे लांबलचक नाव म्हणजे गवारीच्या बियांपासून केलेले, केस मऊ ठेवणारे द्रव्य होय. याद्या सारख्या दिसतात त्या यामुळेच. फरक बहुधा दुसऱ्या आणि तिसऱ्या नावात असतो. पुडीवर यादी नाही कारण ६० मिलिलिटरपेक्षा कमी द्रवाच्या वेष्टनाला तिची सक्ती नाही. त्याच शाम्पूची मोठी बाटली दुकानात उभ्या उभ्या वाचून घ्यावी.

उत्तर ३ : पलूस तालुका

वरील दोन्ही उत्तरांत पाण्याचा विचार आलेला नाही आणि आमच्या भागात त्याशिवाय साबणाची तुलना करणे व्यर्थ आहे. आमच्याकडे उसाला पाणी देऊन देऊन जमिनी क्षारपड झाल्या आहेत, आणि बोअरचे पाणी असे की बंबात वर्षाला बोटभर थर बसतो. शाळेत ज्याला दुष्फेन पाणी म्हणायचे तेच हे. त्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरतात आणि फेसाऐवजी दह्यासारखा चोथा तयार होतो. तो बादलीच्या कडेला चिकटतो तसा अंगालाही चिकटतो, केसांना तर विचारूच नका. मग माणूस फेस येईपर्यंत साबण घासत राहतो. सिंडेटचा किंवा शाम्पूचा असा चोथा होत नाही. यादीतील ईडीटीए हे कॅल्शियमला बांधून ठेवण्यासाठीच असते, पण एवढ्याशा प्रमाणात ते आमच्या बोअरपुढे काय टिकणार?

विश्रामबागेत नळाला नदीचे पाणी येत असेल तर गोष्ट वेगळी. इमारतीत बोअर मिसळत असतील तर मात्र आधी ते पाहावे. एका बाटलीत ते पाणी आणि दुसऱ्या बाटलीत पावसाचे साठवलेले पाणी घेऊन साबणाचा सारखाच कीस टाकावा आणि दोन्ही हलवून पाहाव्यात.

मूळ प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. काल दुपारी स्वयंपाकघरात पट्ट्यांची परीक्षा घेतली आणि सासूबाई स्वतः पाटावर बसून निकाल पाहत होत्या. नेहमीच्या साबणाखाली पट्टी क्षणात कुंकवासारखी झाली. डॉक्टरांच्या वडीखाली ती पिवळीच राहिली. खरा धक्का मात्र नातवासाठी आणलेल्या बाळांच्या साबणाने दिला, कारण तीही पट्टी लाल झाली. इमारतीत उन्हाळ्यात बोअरचे पाणी मिसळतात, हेही चौकशीअंती कळले. दोन्ही शाम्पूंच्या पट्ट्या पिवळ्या राहिल्या. म्हणजे दोन्ही शाम्पू सारखेच सौम्य आहेत असे समजावे का? आणि पाचपट खर्चाचे काय करावे?

उत्तर १ (पुन्हा)

तसे समजू नये. हळद फक्त अल्क ओळखते. सोडियम लॉरिल सल्फेटच्या पाण्यातही ती पिवळीच राहील, आणि संशोधक त्वचेचा दाह मुद्दाम निर्माण करून अभ्यासायचा असतो तेव्हा नेमके तेच द्रव्य वापरतात. शाम्पूसाठी साताऱ्याच्या मित्रांनी सांगितल्याप्रमाणे दुसरे-तिसरे नावच पाहावे लागेल. बाळाच्या साबणावर ‘बेबी’ हा शब्द आहे, पण यादीत पहिले नाव पामेटच असणार. आपण भिंग घेऊन पाहा.

खर्चाचे म्हणाल, तर सासूबाईंनी रोज सर्वांगाला काहीच लावण्याची गरज नाही. वडी काखा, जांघा आणि पावले एवढ्यापुरती वापरावी, पोटऱ्यांना नुसते कोमट पाणी पुरते. अंग टिपून ओलसर असतानाच डॉक्टरांनी दिलेले मलम लावावे. सिंडेट वडी ओलीत ठेवली तर झपाट्याने विरघळते. तिला जाळीच्या साबणदाणीत, नळाच्या धारेपासून दूर ठेवावे.