सेल्युलेज की सेल्युलोज सिंथेज? बोंड भरणाऱ्या विकराला काय म्हणावे

विचारणा (आर्णी)
शेतकरी गटासाठी कापसाच्या धाग्यावर माहितीपत्रक करतो आहोत. मसुद्यातले वाक्य असे: "बोंड भरताना पेशीभित्तिकेतले सेल्युलेज हे विकर धाग्यात सेल्युलोज भरते." शब्द बरोबर आहेत का? आणि 'विकर' ठेवावे की 'एन्झाइम'?

हिंगणघाट
भाऊ, सेल्युलेज आधी काढा. नाव जवळचे, पण अर्थ उलटा झाला. सेल्युलेज सेल्युलोज तोडते; पऱ्हाटीचा चुरा खड्ड्यात कुजवताना ट्रायकोडर्मा बुरशी तेच सोडते. धागा भरणारे ते सेल्युलोज सिंथेज. कामच सांगायचे तर 'सेल्युलोज घडवणारे विकर' म्हणा, वाचणाऱ्याला लगेच कळते.

दुसरी चूक 'पेशीभित्तिकेतले' ही. हे विकर भित्तिकेत नसते, तिच्या आतल्या बाजूच्या प्रद्रव्यपटलात, म्हणजे पेशीच्या पातळ पडद्यात, रुतलेले असते. आतून यूडीपी-ग्लुकोज (जोडणीसाठी तयार स्वरूपातले ग्लुकोज) घेते, ग्लुकोजचा एकेक मणी साखळीला जोडते आणि साखळी पटलातून बाहेर ढकलते. अशा विकरांचे सहा-सहा पुंजके फुलासारखे गोलात बसतात. त्यांतून शेजारी शेजारी निघालेल्या साखळ्या एकमेकींना चिकटून सूक्ष्म तंतू होतो.

'विकर' ठेवा. शाळेच्या पुस्तकात तोच शब्द आहे.

वणी
सिंथेटेज असेही छापलेले दिसते. ते चालते का?

हिंगणघाट
इथे नाही. जुन्या वापराप्रमाणे एटीपीसारखा (पेशीला शक्ती पुरवणारा) रेणू मोडून त्या शक्तीवर जोडणी करणारे ते सिंथेटेज. सेल्युलोज सिंथेजला वेगळे एटीपी मोडावे लागत नाही, जोडणीची शक्ती यूडीपी-ग्लुकोजच्या बंधातच असते. विकरांच्या क्रमांकांच्या (ईसी) वर्गीकरणातही ते शर्करा एका रेणूवरून दुसऱ्यावर नेणाऱ्या विकरांत मोडते: 2.4.1.12. सेल्युलेजचा क्रमांक 3.2.1.4, म्हणजे पाण्याच्या साहाय्याने बंध तोडणारा वर्ग. शंका आली की पहिला आकडा पाहावा.

अकोट
नुसत्या नावावरून काम ठरवू नये, हेही पत्रक लिहिणाऱ्याने लक्षात ठेवावे. सुक्रोज सिंथेज नावाने घडवणारे. पण वाढत्या धाग्यात ते सुक्रोज फोडून यूडीपी-ग्लुकोज आणि फ्रुक्टोज देते. म्हणजे पानातून आलेली साखर सेल्युलोजच्या कामाला लावणारे तेच. उलट कोरिगन हे विकर सेल्युलेजच्या कुळातले, तरी ते बिघडले तर सेल्युलोज कमी बनते आणि झाड खुजे राहते. घडणीतही थोडी तोड लागते.

पत्रकात आणखी एक फरक जपा. सेल्युलोज पटलावर बनते, पण भित्तिकेतल्या दुसऱ्या बहुशर्करा, पेक्टिन आणि झायलोग्लुकन, पेशीतल्या गॉल्गी संकुलात बनून पुटिकांतून (बारीक पिशव्यांतून) बाहेर येतात. त्यांची विकरे वेगळी. सगळ्यांना मिळून 'पेशीभित्तिकेची बहुशर्करा घडवणारी विकरे' म्हणता येईल.

आर्णी
मग फरदडीचा (मुख्य वेचणीनंतर राखलेल्या पिकाचा) धागा कच्चा का निघतो, हे याच विकरावर सांगता येईल का?

हिंगणघाट
येईल, आणि पत्रकात सर्वांत उपयोगी भाग तोच ठरेल. धागा म्हणजे सरकीच्या सालीवरची एकच लांबलेली पेशी. फूल उमलल्यापासून साधारण 20-25 दिवस ती लांबते. 16-20 दिवसांपासून आतून सेल्युलोजचे थर चढू लागतात आणि हे काम 40 दिवसांच्या पुढेही चालते. पक्व धाग्यात नव्वद टक्क्यांहून अधिक सेल्युलोजच असते. म्हणूनच 1996 साली वनस्पतींतली सेल्युलोज सिंथेजची जनुके पहिल्यांदा कापसाच्या धाग्यातूनच ओळखता आली.

रात्र 22 अंशांखाली गेली की थर चढण्याचा वेग घटतो, 15 च्या आसपास फारच मंदावतो. फरदडीची बोंडे डिसेंबरच्या थंडीत भरतात. लांबी ठीक, पण भिंत पातळ. जात मुळातच बारीक धाग्याची नसेल तर मायक्रोनेअर (धाग्याचा बारीकपणा आणि भरलेपणा सांगणारा आकडा) 3.5 च्या खाली येते, जिनिंगवर भाव कापतात आणि सुतात गाठी पडतात. पत्रकात 'कच्चा' म्हणजे 'भिंत न भरलेला' असे लिहा. 'आखूड' लिहू नका, तो दोष लांबीचा.

वणी
दुकानात 'बोंड भरणारे विकर' म्हणून फवारणीची बाटली मिळते. तिच्याबद्दल काय लिहावे?

अकोट
सेल्युलोज सिंथेज हे सुमारे 1000 अमिनो आम्लांचे, पटलात शिवल्यासारखे प्रथिन आहे. पानावर फवारून ते बोंडातल्या धाग्याच्या पटलात जाऊन बसू शकत नाही. बाटलीवर घटक पाहा. पालाश लिहिले असेल तर तो पालाशाचा उपयोग, विकराचा नव्हे. पालाश कमी पडले तर पानातून बोंडाकडे साखर नीट जात नाही आणि मायक्रोनेअर घसरते. बोंडे भरताना 13:0:45 खत 10 लिटर पाण्यात 100 ग्रॅम फवारतात ते याचसाठी. पत्रकात त्याला 'विद्राव्य खत' असेच म्हणा.

आर्णी
वाक्य आता असे केले: "बोंड भरताना धाग्याच्या प्रद्रव्यपटलातले सेल्युलोज सिंथेज हे विकर आतून सेल्युलोजचे थर चढवते, रात्री थंड झाल्या की हे काम मंदावते."

हिंगणघाट
बरोबर. छापताना 'सिंथेज' तुटून दोन ओळींत जाणार नाही एवढे पाहा.