आईशी बोलायला माणूस ठेवलं. चुकलं का?

शेवंती

आई ७९ वर्षांची. कोथरूडला बिनलिफ्टच्या सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते. बाबांना जाऊन चार वर्षं झाली. मी बंगळूरला, भाऊ न्यू जर्सीत. आईची तब्येत वयाच्या मानाने ठणठणीत आहे. बीपीची एक गोळी आणि कुरकुरणारे गुडघे, बाकी स्वयंपाक स्वतःचा स्वतः करते. म्हणजे तिचं 'करायला' कुणी लागत नाही. धुण्याभांड्याची बाई आहे, ती वावटळीसारखी येते आणि पाऊण तासात जाते.

गेल्या दिवाळीत मी तिथे असताना दुपारी कुरिअरवाला आला. आईने त्याला पाणी दिलं, गाव विचारलं, लग्न झालंय का विचारलं, आई-वडील कुणाकडे असतात तेही विचारलं. तो बिचारा एक पाय पायरीवर ठेवून 'हो काकू, हो काकू' करतोय आणि आई दाराच्या कडीला धरून उभी. पार्सल शेजारच्यांचं होतं. ते नसले की आमच्याकडे ठेवतात, आणि आईला ते भयंकर आवडतं.

डिसेंबरात ओळखीतून एक बाई लावल्या. चाळिशीच्या, बारावी झालेल्या. रोज ३ ते ६ यायचं आणि आईसोबत बसायचं, एवढंच काम. पेपर वाचायचा, पत्ते खेळायचे, मेथी निवडता निवडता गप्पा मारायच्या. महिना सात हजार. पहिले दहा दिवस आई त्यांना सोफ्यावर बसवून पाहुणीसारखा चहा द्यायची आणि आत जाऊन मला फोन करून 'ही जाणार कधी?' विचारायची. आता झब्बू रंगतो.

परवा एका लग्नात मामा सगळ्यांसमोर म्हणाले, "आईशी बोलायलासुद्धा गडीमाणूस ठेवलंस?" मी हसून वेळ मारून नेली, पण रात्री झोप लागली नाही. तुम्हाला काय वाटतं? स्पष्ट लिहा.

रोखठोक_सातारकर

स्पष्ट लिहायला सांगितलंत म्हणून लिहितो. मामा बरोबर बोलले, फक्त जागा चुकली.

मी आठ-नऊ वर्षांचा असताना समोरच्या वाड्यातल्या आजींकडे रोज रात्री सोबतीला झोपायला जायचो. जेवण झालं की आई चादर बगलेत द्यायची. आजी दिवा बारीक करून गोष्ट सांगायच्या, भुताची नाही, त्यांच्या सासूची. ती भुतापेक्षा भयंकर होती. सकाळी हातावर शेंगदाणे आणि गुळाचा खडा. ना कुणी पैसे मागितले, ना कुणी दिले. सोबत ती. पैसे देऊन मिळते ती हजेरी.

आणि एक विचारतो. बाई लावल्यापासून तुमचे आईला होणारे फोन कमी झाले का? उत्तर इथे नाही दिलंत तरी चालेल.

ठाणे_लोकल

सातारकर, त्या आजींकडे तुम्ही स्वतःहून गेला नव्हतात. चादर देऊन तुम्हाला धाडलं होतं. आज कोणती आई नऊ वर्षांच्या पोराला रात्री परक्या घरी झोपायला पाठवेल? वाड्याबरोबर ती सोयही गेली. मग तिच्या जागी काहीच आणायचं नाही का?

मुंबईत २०२२ साली रतन टाटांच्या गुंतवणुकीवर शंतनू नायडूंनी 'गुडफेलोज' काढलं. पदवीधर पोरापोरींनी आजी-आजोबांना सोबत करायची आणि त्याचा पगार घ्यायचा. आमच्या ऑफिसात तेव्हा लोक हसले होते, हसणाऱ्यांत मीही होतो. नेदरलँड्समध्ये डेव्हेंटरला एका वृद्धनिवासात विद्यार्थ्यांना फुकट खोली देतात. त्याच्या बदल्यात त्यांनी महिन्याला ३० तास तिथल्या म्हाताऱ्या मंडळींचं शेजारपण करायचं. मोबदला आला की जिव्हाळा खोटाच, असं असेल तर तुमचे शेंगदाणे-गूळ कोणत्या खात्यात टाकायचे?

रोखठोक_सातारकर

गुळाचा हिशोब मांडलात, वा. म्हणजे आईच्या हातचा लाडू हीसुद्धा मजुरीच.

वहीतली_पानं

या विषयावर हमखास फेकला जाणारा आकडा कुणी टाकायच्या आत मीच टाकते. २०१० साली ज्युलियन होल्ट-लंस्टड आणि सहकाऱ्यांनी १४८ अभ्यास एकत्र करून तपासले. एकूण माणसं तीन लाखांच्या वर. ज्यांचे माणसांशी संबंध घट्ट होते, त्यांची अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे ५० टक्क्यांनी जास्त निघाली. पण तिथे मोजले ते आयुष्यभराचे नातेसंबंध, मित्र, समाजातला वावर. दुपारी तीन तास येणारी बाई नव्हे. तेव्हा हा आकडा शेवंतीच्या बाजूने वापरू नका आणि तिच्या डोक्यातही घालू नका.

दुसरं, 'एकटी राहते' यावर आपण जरा जास्तच अडकतो. लासी नावाच्या २०१७-१८च्या देशव्यापी सर्वेक्षणात साठीपुढच्यांपैकी साधारण ६ टक्केच लोक एकटे राहणारे निघाले. बाकीचे कुणा ना कुणाबरोबर राहतात. माझे सासरेही राहतात, सहा माणसांच्या घरात. त्यांच्याशी दिवसभरात बोलली जाणारी वाक्यं मी एकदा मोजली: 'जेवलात का', 'गोळी घेतली का', 'टीव्हीचा आवाज कमी करा'. तिसरं वाक्य दोनदा.

कानगोष्टी

वरच्या तिसऱ्या वाक्यावरून लिहिते. मी कान तपासणीचं काम करते. 'बाबा हल्ली कुणात मिसळत नाहीत, गप्प गप्प असतात' म्हणून येणाऱ्या कितीतरी जणांना मुळात ऐकूच येत नसतं. चार माणसं बोलायला लागली की त्यांना नुसता गलका ऐकू येतो. मग चुकीच्या जागी हसण्यापेक्षा ते उठून आतल्या खोलीत जातात. घरचे म्हणतात, स्वभाव बदलला. लॅन्सेटच्या आयोगाने २०२४मध्ये स्मृतिभ्रंशाची जी १४ टाळता येण्याजोगी कारणं दिली, त्यांत श्रवणदोषही आहे आणि माणसांपासून तुटणंही. दोन्ही हातात हात घालून येतात. सोबत लावा, जरूर लावा, पण त्याआधी कान तपासा. आणि यंत्र घेतलं तर ते कपाटात नको, कानात पाहिजे. (हे मला रोज सांगावं लागतं.)

तिसरा_मजला

कोथरूड, तिसरा मजला, लिफ्ट नाही. अहो, मूळ दुखणं इथेच आहे. खाली कट्ट्यावर चार बायका बसत असतील आणि तुमच्या आईला तिथवर जायला अठ्ठेचाळीस पायऱ्या. आमच्याकडे पुनर्विकासात लिफ्ट आली खरी, पण तीन वर्षं सगळे भाड्याने पांगले. परत आलो तेव्हा कट्ट्यावरच्या सातांपैकी तिघंच उरले होते. दोन गेले, दोघांना मुलं घेऊन गेली.

निवांत७४

या धाग्यावर म्हातारा मी एकटाच दिसतो. बाकी सगळी मुलं-मुली, आमच्याबद्दल बोलणारी.

मी डोंबिवलीत एकटा राहतो. सौ. जाऊन सहा वर्षं झाली. सकाळी कट्टा, दुपारी झोप, संध्याकाळी जुन्या कॅसेटी. मला कुणाची गरज वाटत नाही असं नाही, पण दुपारी तीन ते सहा या वेळात तर अजिबात वाटत नाही. मुलीने गेल्या वर्षी एक पोरगा धाडला. गुणी होता. पण दर दहा मिनिटांनी 'काका, आज कसं वाटतंय?' हवामान खात्यासारखा. मी त्याला बँकेत पासबुक भरून आणायला पाठवायचो, तेवढाच अर्धा तास शांतता. तीन आठवड्यांनी बंद केलं. मुलगी अजून रुसलेली आहे.

आमच्या कट्ट्यावरच्या एकाने स्वतःची सोय स्वतः लावली. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना ऑगस्ट २०२२पासून एसटी फुकट झाली. तेव्हापासून हा गृहस्थ आठवड्यातून दोनदा कल्याण-मुरबाड करतो. मुरबाडला काम शून्य. खिडकी मिळते, शेजारी नवा माणूस मिळतो, स्टँडवर भजी खाऊन परत. त्याला घरी पगारी माणूस आणून दिला असता तर त्याने हाकलून दिला असता.

शेवंतीताई, माझा प्रश्न सातारकरांपेक्षा वेगळा आहे. ती बाई तुमच्या आईने निवडली की तुम्ही?

आणि जाता जाता. पुण्यात ज्येष्ठांच्या लिव्ह-इनसाठी २०१२पासून मंडळ आहे. तो विषय घरात काढून बघा. आई-वडिलांना सोबत हवी म्हणून गहिवरणारी मुलं पटकन सातबारा शोधायला लागतात.

सुईदोरा

खूप वेळा लिहून खोडलं. माझी आई हेच काम करते. ब्यूरोमधून, बारा तासांची ड्यूटी.

सोबत विकत मिळते की नाही यावर तुम्ही सगळे बोलताय. विकणाऱ्या बाजूचं मी सांगते. मागच्या घरी आई एका आजींकडे चार वर्षं होती. नावाला त्यांचं 'करायला', पण आजींना खरं लागायचं ते बोलणं. त्यांच्या लग्नातल्या शालूचा रंग, माहेरची म्हैस, कुठल्या नणंदेने काय टोमणा मारला, हे सगळं आम्हाला घरी बसून पाठ झालं होतं. त्यांना बारीक दातांची फणी टोचायची म्हणून आईने जत्रेतून लाकडी फणी आणली, स्वतःच्या पैशांनी. रोज संध्याकाळी वेणी घालताना आजी डोळे मिटून बसायच्या. घरचे म्हणायचे, 'मावशी, तुम्ही आमच्या घरच्याच.' मावशींचा चहाचा कप मात्र वेगळा, खिडकीत उपडा घातलेला.

आजी रात्री गेल्या. सकाळी आईला ब्यूरोचा फोन, 'तिकडे जाऊ नका, नवीन पत्ता पाठवतो.' दर्शनाला गेली ती आपणहून, आणि मागे उभी राहिली. दहाव्याला बोलावणं नाही. फणी तिथेच राहिली. ती मागायची कशी, हे आईला कळेना. दुसऱ्या दिवशी ती नव्या पत्त्यावर, नव्या आजोबांकडे.

शेवंतीताई, तुमच्या बाई तीन तास काय ऐकतात, ते आपण सगळे विचारतोय. त्यांचं कुणी ऐकतं का? आणि सुट्टी कधी असते त्यांना?

रोखठोक_सातारकर

सुईदोरा, वाचून गलबललं. पण मी तेच तर म्हणत होतो. पगार थांबला की नातं थांबतं.

सुईदोरा

नाही दादा, मी असं लिहिलेलंच नाही. पगार थांबला तरी आई त्या आजींसाठी महिनाभर रडत होती. तिला दहाव्याला न बोलावणारे पगारी नव्हते, घरचे होते.

परदेशी_पाटील

मीही भारताबाहेर असतो, म्हणून दुखऱ्या जागेवरून लिहितो. आई-वडिलांना भेटायची कायद्यानेच सक्ती करा, असं आमच्या ग्रुपवर कुणीतरी सुचवलं. २००७चा निर्वाह कायदा आहेच, त्यात न्यायाधिकरण मुलांना महिना दहा हजारांपर्यंत पैसे द्यायला लावू शकतं. पण गप्पा मारायला कसं लावणार? मी दर रविवारी व्हिडिओ कॉल करतो. आई मोबाईल कानाला लावून बोलते, मला अर्धा तास तिचं कानातलं दिसतं.

शेवंती

सगळ्यांची उत्तरं दोनदा वाचली.

सातारकर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच देते. हो, फोन कमी झाले. रोजचे दोन होते, आता एक. पण पूर्वीच्या दोन्ही फोनमध्ये मिळून 'जेवलीस का, गोळी घेतलीस का' एवढंच व्हायचं. वहीतली_पानं यांनी मोजलेली वाक्यं वाचून मला घाम फुटला, ती माझीच होती. आता आई आपणहून बोलते. बाईंच्या गावी विहिरीला पाणी लागलं, त्यांच्या जावेने काय केलं, हे मला रोज कळतं. मला स्वतःच्या जावेचंही एवढं माहीत नाही. तरी तुमचा मुद्दा खोडून काढला असं मी म्हणणार नाही. दुसरा फोन मी पुन्हा सुरू करू शकले असते, केला नाही.

निवांत काका, बाई मी निवडल्या. आईला विचारलंसुद्धा नव्हतं, 'सरप्राइज' म्हणून पाठवल्या. आता ते दहा दिवस आठवले की लाज वाटते. रात्री आईला विचारलं की बंद करू का. म्हणाली, "आता कशाला? तिच्या पोरीची दहावी आहे."

ही पोरीची भानगड मला माहीतच नव्हती. आई मुलींच्या शाळेत संस्कृत शिकवायची. दोन महिन्यांपासून शनिवारी बाईंसोबत त्यांची मुलगीही येते आणि माझी आई तिच्याकडून शब्द चालवून घेते. 'देवः देवौ देवाः' खालच्या जिन्यापर्यंत ऐकू येतं म्हणे. आई फी घ्यायला तयार नाही. मग बाई म्हणतात, शनिवारचे पैसे मी घेणार नाही. दोघींचं यावरून भांडण चालू आहे आणि 'तू मधे पडू नकोस' असं मला बजावलंय.

सुईदोरा, सुट्टीचं बोलणं मी कधी केलंच नव्हतं. डिसेंबरपासून त्या रविवारीही येतायत. कप वेगळा आहे का, तेही आईला विचारलं. नाहीये, पण विचारावं लागलं. या महिन्यापासून रविवार बंद, भरपगारी. त्या म्हणाल्या, रविवारी घरी करू काय? मग आई म्हणाली, रविवारी माझं मी बघते.

निवांत७४

रविवारी त्यांचं त्या बघतील, मुलीने काळजी करू नये. एक शंका मात्र राहिली. झब्बू दोघींत कसा रंगतो? जास्त माणसं लागतात, नाहीतर निम्मा गठ्ठा हातात धरून बसावं लागतं.

करवंदाची_जाळी

मी कोथरूडलाच, डहाणूकर कॉलनीत राहते. सासूबाई ८२, जिना चढतात, पत्त्यांत लबाडी करतात आणि पकडलं की ऐकू न आल्यासारखं करतात (कान तपासलेत, उत्तम आहेत). रविवारी चार वाजता मोकळ्या असतात. शेवंती, खाजगी निरोप पाठवलाय.

शेवंती

लबाडी आईही करते. उत्तर धाडलंय.