‘आंगावर हात टाकला’ : नोंदीत काय लिहायचं?

अधिपरिचारिका, यवतमाळ जिल्हा
आमच्या ग्रामीण रुग्णालयात पोलीस एखादीला आणतात तेच मुळी ‘सिस्टर, हिचं मेडिकल करून द्या’ म्हणत. तपासणी डॉक्टर करतात, पण बाई पहिल्यांदा बोलते ती आमच्याशी. ‘त्यानं माह्या आंगावर हात टाकला’ एवढं बोलते न् पदर तोंडाला लावते. याचा अर्थ विनयभंग घ्यायचा की बलात्कार? आमचे नवे डॉक्टर कोकणातले, त्यांना ती मारहाण वाटली. आणि हो, कागदावर ‘पीडिता’ लिहावं का?

निवृत्त मराठी शिक्षक, अकोला
पोलिसावर हात टाकला म्हणजे मारलं. बाईवर टाकला म्हणजे मात्र छेडछाडीपासून बलात्कारापर्यंत काहीही. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बाया यापुढचा शब्द उच्चारतच नाहीत. पेपरवाल्यांचा ‘अतिप्रसंग’ तरी काय वेगळा? शिकलेल्यांचा पदर तो.

न्यायवैद्यकशास्त्राचे अध्यापक, वर्धा
ताई, अर्थ तुम्ही घेऊच नका. तिचं वाक्य वऱ्हाडीतच, अवतरणचिन्हांत, जसंच्या तसं उतरवा. ‘माह्या’चं ‘माझ्या’सुद्धा करू नका. मग डॉक्टरांनी आडोशाला, पोलीस बाहेर ठेवून, धीरानं विचारावं: हात कुठं लावला, पुढं काय केलं? कायद्यातल्या २०१३च्या दुरुस्तीपासून योनीत वा गुदद्वारात बोट किंवा वस्तू घालणंही बलात्कारातच मोडतं. म्हणजे ‘हात टाकला’ हे शब्दशः खरं असू शकतं, आणि मारहाण लिहून मोकळं झालं तर गुन्हाच बदलतो. उलट बाजूनं, ‘बलात्कार झाला’ असाही शेरा डॉक्टरांनी मारायचा नाही. ते ठरवणं न्यायालयाचं काम. जखमा, नमुने, तपासणीत दिसलं ते लिहावं. जखम नाही म्हणजे काही घडलं नाही, असंही नाही.

शेऱ्यांनी काय होतं ते आपल्याच भागात दिसलंय. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. योनीत दोन बोटं सहज जातात, अशी वैद्यकीय नोंद होती. सत्र न्यायालयानं तिला शरीरसंबंधांची सवय असल्याचं म्हटलं, आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं अंगावर खुणा नाहीत याला वजन देत दोन्ही आरोपी पोलिसांना सोडलं. त्या निकालाविरुद्ध देशभर आवाज उठला, १९८३ साली कायदा बदलला. दोन बोटांच्या चाचणीला सर्वोच्च न्यायालयानं २०१३ साली चूक ठरवलं, २०२२ साली ती करणं हे गैरवर्तन मानलं जाईल असं बजावलं. तुमच्या कपाटातल्या जुन्या छापील फॉर्मवर तो रकाना अजून असेल तर फॉर्मच बदलून घ्या.

परिसेविका, चंद्रपूर जिल्हा
माझा राग ‘मेडिकल’वर आहे. पोलिसांच्या तोंडी मेडिकल म्हणजे निव्वळ पुरावा, उपचार त्यात नाहीतच. बाई पोलिसांत न जाता थेट आली तरी मोफत उपचार द्यावेच लागतात, सरकारी असो की खाजगी. तपासणीला नाही म्हणाली तरीही. एचआयव्ही टाळायच्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हव्यात. गर्भ राहू नये म्हणून द्यायची गोळीही जितकी लवकर तितकी बरी, पाच दिवसांपर्यंत चालते. नमुने ९६ तासांपर्यंत घेता येतात, पण लघवीला जाण्याआधी घेतलेले बरे. कपडे सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत ओलं लुगडं कोंबलं की बुरशी येते आणि पुरावा गेला.

अमेरिकेत १९७०च्या दशकापासून खास शिकलेल्या नर्सही ही तपासणी करतात, आपल्याकडे नोंदणीकृत डॉक्टरच लागतो. म्हणून काय आपण नुसतं ट्रे धरून उभं राहायचं? तिच्याशी बोलणं, तिला काय करणार ते आधी सांगणं, पाकिटांवर सही-सील, हे आपल्याच हातात असतं.

अध्यापक, वर्धा
‘पीडिता’ कायद्याच्या कागदांत चालतो, तिथं राहू द्या. वॉर्डात तिला ताई म्हणा, मावशी म्हणा. ‘ती पीडिता कुठाय’ अशी हाक व्हरांड्यात मारली की गावात नाव फुटलंच समजा.

अधिपरिचारिका, यवतमाळ जिल्हा
बरं सर. आणि बाई कोलामी बोलणारी असली तर?

अध्यापक, वर्धा
दुभाषी स्त्री बघा, आरोपीच्या नात्यातली नको, आणि सोबतच्या शिपायाला तर अजिबात बसवू नका. तिनं उच्चारलेला मूळ कोलामी शब्द देवनागरीत लिहा, शेजारी दुभाषीनं सांगितलेला अर्थ, खाली दुभाषीची सही.