नोरा जोन्सचा 'कम अवे विथ मी' : यात जॅझ कोठे आहे, कंट्री कोठे आहे आणि हे सगळे एकजीव कसे होते?

पेटी_आर्वी (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. मी वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुक्यात राहतो, शाळेत शिकवतो आणि गावातील सामुदायिक प्रार्थनेला व भजनाला पेटी वाजवतो. माझे ऐकणे राष्ट्रसंतांची भजने, नाट्यपदे आणि जुनी भावगीते एवढ्यापुरतेच होते. माझ्या एका माजी विद्यार्थ्याने, जो आता पुण्यात नोकरीला आहे, नोरा जोन्स या अमेरिकी गायिकेचा २००२ साली आलेला 'कम अवे विथ मी' हा अल्बम मला ऐकायला पाठवला. चौदा गाणी आहेत, सगळी मिळून पाऊण तासाची. रात्री मोटारपंपाला वीज येण्याची वाट पाहत शेतात बसावे लागते, तेव्हा मी तो आता नित्य ऐकतो, आणि दर वेळी अधिक आवडतो.

माझी अडचण अशी की या अल्बमला कोणी जॅझ म्हणतो, कोणी पॉप, कोणी लोकसंगीताच्या वळणाचा, तर कोणी कंट्री, म्हणजे अमेरिकी ग्रामीण वळणाचा. या चार गोष्टी त्यात आहेत असे मी मानून चालतो; परंतु त्या नेमक्या कोणत्या जागी आहेत हे मला कानाने ओळखता यावे, अशी इच्छा आहे. शिवाय 'डोन्ट नो व्हाय' या गाण्याची चाल मी पेटीवर बसवली आहे. स्वर बरोबर लागतात, गाणे ओळखूही येते, पण मूळ गाण्यातील ऊब त्यात उतरत नाही. चाल इतकी सोपी असताना काय सुटते आहे? जाणकारांनी भारतीय स्वरनामांत समजावून सांगितले तर उपकार होतील, कारण पाश्चात्त्य स्वरलिपी मला वाचता येत नाही.

ऑर्गन_वडसा

गुरुजी, नमस्कार. मी झाडीपट्टीच्या नाटकांत ऑर्गन वाजवतो आणि हंगाम संपला की मुलांना कीबोर्ड शिकवतो. तुमचा दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण पहिल्याचे अर्धे उत्तर त्यातच आहे.

चाल सोपी आहे हे तुमचे निरीक्षण अगदी बरोबर आहे. 'डोन्ट नो व्हाय' हे गाणे नोराने लिहिलेले नाही. ते जेसी हॅरिस या गिटारवादक गीतकाराचे आहे आणि कोणत्याही लोकगीतासारखे ते गुणगुणता येते. पण त्या चालीखाली जे स्वरसमूह, म्हणजे कॉर्ड, वाजतात, ते जॅझच्या घरातले आहेत. मूळ गाणे काळी पाचमध्ये आहे. काळी पाचला षड्ज धरा आणि मी सांगतो ते स्वर तीन-तीन करून एकत्र दाबा. पहिला समूह सा, ग, शुद्ध नि. दुसरा सा, ग, कोमल नि. तिसरा सा, म, ध. चौथा सा, ग, कोमल ध. पाचवा सा, ग, प. सहावा सा, रे, तीव्र म. सातव्यात षड्ज प्रथमच सुटतो आणि रे, शुद्ध म, नि असे स्वर येतात. मग आठव्याला सा, ग, प या घरी परत. एका मात्रागटात दोन समूह या हिशेबाने पहिली ओळ चार गटांत पुरी होते.

आता यातला एकेक स्वर उचलून क्रमाने वाजवा: शुद्ध निषाद, कोमल निषाद, धैवत, कोमल धैवत, पंचम, तीव्र मध्यम, शुद्ध मध्यम, गंधार. चालीच्या पोटातून एक दुसरी रेघ एकेक पट्टी सोडत सावकाश खाली उतरते आहे आणि बहुतेक वेळ षड्ज तिच्यासोबत स्थिर आहे. गाणारीण त्या रेघेला स्पर्शही करीत नाही. ती वर आपली साधी ओळ गात राहते. तुम्हाला जी ऊब जाणवते आणि पेटीवर नुसती चाल वाजवल्याने जी हरवते, ती या उतरत्या रेघेत आहे. आपल्या पद्धतीत एकाच ओळीत दोन्ही निषाद, दोन्ही धैवत आणि दोन्ही मध्यम असे लागोपाठ येणे विरळा. म्हणून कानाला काहीतरी वेगळे घडल्याचे कळते, पण बोट कोठे ठेवायचे ते कळत नाही. पेटीत डावा हात भात्यावर अडकलेला असतो, त्यामुळे चाल आणि समूह दोन्ही एकट्याने वाजवणे कठीण जाईल. कोणाला तरी गायला बसवा आणि तुम्ही फक्त हे आठ समूह धरा.

दुसरी गोष्ट लयीची. भजनात शब्द खंजिरीच्या ठोक्यावर येऊन बसतो आणि तसाच तो बसला पाहिजे, कारण तेथे शंभर माणसांना एकत्र म्हणायचे असते. नोरा शब्द ठोक्याच्या किंचित मागे ठेवते. लय ओढलेली वाटत नाही, पण आवाज घाईत नाही हे ऐकणाऱ्याला लगेच उमजते. ही सवयही जॅझ गायकीची आहे. ड्रमवरही काठीचा घणाघात नाही; बहुतेक जागी तारांचा ब्रश फिरवला आहे, त्याची सळसळ कानात हेडफोन घालून नीट ऐका.

आता कंट्री. 'कोल्ड, कोल्ड हार्ट' हे गाणे हँक विल्यम्सचे, १९५१ साली प्रकाशित झालेले. अमेरिकेच्या दक्षिणेकडील शेतकरी आणि कामगार वर्गात हँक विल्यम्सला जो मान आहे तो आपल्याकडे एखाद्या शाहिराला असावा तसा आहे. मूळ गाणे सरळ ठोक्याचे, फिडलच्या साथीचे, थोडे नाकात गायलेले आहे. नोराने शब्द आणि चाल राखून खालची चाल बासच्या, म्हणजे खर्जाच्या तंतुवाद्याच्या, हाती दिली आणि त्यात जॅझचा झोका आणला. दोन्ही ध्वनिमुद्रणे पाठोपाठ ऐकलीत, तर कंट्री काय आणि जॅझ काय याचा निवाडा मला लिहून द्यावाच लागणार नाही. 'लोनस्टार' हे गाणे तिच्या बासवादकाचे, ली अलेक्झांडरचे आहे. पण टेक्सासच्या झेंड्यावरील एकट्या ताऱ्याचे नाव घेणारे ते गाणे कंट्रीचे सूर मनापासून जपते, आणि नोराचे बालपण टेक्सासमध्येच गेले आहे. शेवटचे 'द निअरनेस ऑफ यू' हे होगी कारमायकेलचे जुने गाणे केवळ पियानो आणि आवाज यांवर आहे. तिने टेक्सासमधील डेन्टनच्या विद्यापीठात जॅझ पियानोचे शिक्षण घेतले होते, ते तेथे सर्वांत उघड दिसते.

ध्वनी_दिग्रस

ऑर्गनवाले दादांनी स्वरांचे इतके चांगले उलगडून सांगितले आहे की त्यात भर घालण्याची माझी पात्रता नाही. मी यवतमाळ जिल्ह्यात ध्वनिक्षेपकाचा व्यवसाय करतो आणि लहानसा ध्वनिमुद्रण कक्षही चालवतो, म्हणून केवळ आवाजाच्या बाजूने लिहितो.

या अल्बमचे मुख्य निर्माते आरिफ मार्डिन. ते मूळचे इस्तंबूलचे आणि अटलांटिक रेकॉर्ड्समध्ये अरीथा फ्रँकलिनसारख्या दमदार आवाजांसोबत अनेक वर्षे काम केलेले. एवढ्या अनुभवी माणसाने या अल्बममध्ये जे केले नाही, त्याला मी फार मोठे मानतो. आधी केलेल्या कच्च्या ध्वनिमुद्रणातील 'डोन्ट नो व्हाय' चांगले उतरले होते, तर तेच त्यांनी राखले आणि त्यावर थोडासा साज चढवला. जे लेबल, म्हणजे अल्बम काढणारी कंपनी, एक गीत पुन्हा पुन्हा गाऊन घेऊन पॉलिश करू शकले असते, त्याने पहिल्या उमाळ्याला हात लावला नाही.

गुरुजींना गाणी एकजीव का वाटतात, याचे माझ्या दृष्टीने उत्तर असे आहे. गाणी वेगवेगळ्या घरची असली तरी वादकांचा संच लहान आणि बहुतांशी तोच आहे: पियानो, उभा बास, गिटार, ब्रशने वाजवलेले ड्रम, कोठे व्हायोलिन, कोठे अ‍ॅकॉर्डियन, कोठे हॅमंड ऑर्गन. आवाज माइकच्या अगदी जवळ घेतलेला आहे, त्यामुळे श्वास आणि शब्दाच्या शेवटी ओठ मिटल्याचा आवाजही टिपला गेला आहे. आणि गाण्यांच्या तीव्रतेत फार चढउतार नाहीत. सनई-चौघड्यापासून डीजेपर्यंत सगळे शक्य तितके मोठ्याने लावण्याचा आग्रह मी रोज ऐकतो. म्हणून सांगतो, हळू आवाजातले ध्वनिमुद्रण करणे जास्त कठीण असते. मोठ्या आवाजात खोलीतला गोंगाट आणि वादकाची चूक दोन्ही झाकले जातात, येथे काहीही झाकले जात नाही. २००३ च्या ग्रॅमी सोहळ्यात या अल्बमला वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बमचा मान मिळाला आणि नोराला स्वतःला पाच पुरस्कार मिळाले हे सर्वांना ठाऊक असते. त्याच वेळी ध्वनिमुद्रणाच्या गुणवत्तेसाठीही या अल्बमला पुरस्कार मिळाला होता, हे मात्र आमच्या व्यवसायातल्या माणसांखेरीज कोणी सांगत नाही.

एक विनंती: हा अल्बम मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. उभा बास त्यावर जवळजवळ नाहीसा होतो, आणि बास गेला की वर सांगितलेल्या स्वरसमूहांचा पायाच जातो.

वाचक_मेहकर

चर्चा उत्तम चालली आहे, तरी एक वेगळे मत नोंदवतो. मी या अल्बमला जॅझ म्हणणार नाही. जॅझचा प्राण म्हणजे ऐन वेळी सुचलेला विस्तार. वादक एक धून घेतो आणि तिच्यावर नवे रचत जातो. हा अल्बम ज्या 'ब्लू नोट' लेबलने काढला, त्याची स्थापना न्यूयॉर्कमध्ये १९३९ साली झाली. थेलोनियस मंक, आर्ट ब्लेकी, हर्बी हॅन्कॉक यांची ध्वनिमुद्रणे त्याच लेबलवर आहेत. ती ऐकून 'कम अवे विथ मी'कडे आलो तर येथे विस्तार फार थोडा आहे, वादकांना मिळालेल्या मोकळ्या जागा काही मात्रांच्या आहेत. जॅझचे स्वरसमूह वापरणे आणि जॅझ वाजवणे यांत अंतर आहे. त्याच लेबलचा शिक्का आणि पियानोवर बसलेली गायिका यांमुळे हा अल्बम जॅझच्या कप्प्यात गेला, असे मला वाटते. मधल्या काही गाण्यांत लय आणि भाव इतके सारखे राहतात की माझे लक्ष सुटते, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे.

माझ्या मते आपल्याला याचा जवळचा नातेवाईक भावगीतात सापडतो. आमच्या मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता जी. एन. जोशी यांनी गायली आणि मराठी भावगीताच्या आरंभाच्या ध्वनिमुद्रिकांत तिची गणना होते. १९२५ च्या सुमारास विजेवर चालणारे ध्वनिमुद्रण आले आणि गायकाला भोंग्यात जोर लावून गाण्याची गरज उरली नाही. त्यानंतरच हळू, एकाशीच बोलल्यासारखे गाणे मराठीत शक्य झाले, आणि त्याच काळात अमेरिकेतही. रागाचा आधार आहे पण रागविस्तार नाही, शब्द पुढे आहेत, तीन-चार मिनिटांत सगळे आटोपते: भावगीताचा हा बांधा पाहिला की नोरा जोन्सने जॅझशी केलेला व्यवहार मला समजतो.

येथे अजून कोणी लिहिले नाही, पण पुढे कोणीतरी लिहीलच म्हणून आधीच सांगतो. ती पंडित रविशंकरांची कन्या आहे हे खरे. पण तिला आईने टेक्सासमध्ये वाढवले, आणि या अल्बममध्ये सतारीचा किंवा रागसंगीताचा मागमूस नाही. वडिलांच्या नावावरून तो ऐकायला गेल्यास ऐकणे चुकीच्या दिशेने जाते. तिला जे मिळाले ते टेक्सासमधील रेडिओ, आईकडच्या तबकड्या आणि पियानोची रियाजी बैठक यांतून मिळाले.

पेटी_आर्वी

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, मनापासून आभार. शाळेतील एका मुलीला चाल गायला सांगून मी ते आठ समूह पेटीवर धरले. तिसऱ्या समूहापर्यंत येईतोच तिने चमकून माझ्याकडे पाहिले. चौथ्या जागी कोमल धैवत येतो तेथे माझी बोटे अजून अडखळतात, पण गाणे आता गाणे वाटते. मेहकरच्या दादांचे म्हणणेही पटते. मात्र मला मधली गाणी सारखी वाटत नाहीत, त्यांत बासची चाल दर वेळी निराळी आहे असे मला हेडफोनवर जाणवले.

आता एवढेच विचारतो: शीर्षकगीत ऐकताना माझा हात आपोआप दादऱ्याचा ठेका धरतो. हे बरोबर आहे का? आणि कंट्रीची बाजू आणखी समजून घ्यायची असेल तर पुढे काय ऐकावे?

ऑर्गन_वडसा

हात बरोबर चालला आहे, गुरुजी. शीर्षकगीत नोराचे स्वतःचे आहे आणि ते तीन-तीनच्या डौलात, म्हणजे सहा मात्रांच्या झुल्यात चालते. दादऱ्याची खाली मात्र तेथे शोधू नका. चौथ्या मात्रेवर हात उलटा पडतो तसे तिकडे होत नाही, तेथेही हलकासा भार असतो. शिवाय हे गाणे तुमच्या पेटीवर सोपे जाईल, कारण ते पांढरी एकमध्ये आहे आणि बहुतेक काळ षड्जाचा समूह व धैवतावरचा समूह यांतच फिरते. आधी ते बसवा, मग 'डोन्ट नो व्हाय'कडे परत या.

पुढे ऐकायचे तर तिचा २००४ चा 'फील्स लाइक होम' घ्या. त्यात एका गाण्यात डॉली पार्टन तिच्यासोबत गायली आहे, आणि डॉली पार्टन म्हणजे कंट्री संगीतातील सर्वांत मोठ्या नावांपैकी एक. दोन आवाजांतला फरक तुम्हाला पहिल्या कडव्यातच कळेल. त्यानंतर २००६ साली 'द लिटल विलीज' या नावाने तिने मित्रांबरोबर जुनी कंट्री गाणी वाजवली, तो अल्बम ऐका. तो जास्त खेळकर आहे आणि त्यात हँक विल्यम्सच्या घरचा ठोका सरळ ऐकू येतो. मेहकरच्या दादांना जो विस्तार हवा आहे त्यासाठी मात्र ब्लू नोटच्या जुन्या तबकड्यांकडेच जावे लागेल. मंकपासून सुरुवात करा, कारण त्याच्या पियानोत मोकळ्या जागा खूप आहेत आणि पेटीवाल्याला त्या मोकळ्या जागांतून शिकण्यासारखे बरेच आहे.