ओटीपी लावला म्हणजे सुरक्षा झाली?

बॅकएंडवाली:
काल इथेच 'दोन दिवसांत ॲप सुरक्षित केलं' ही पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. पतसंस्थेच्या वेब ॲपला एसएमएस ओटीपी जोडला, लॉगिननंतर 30 दिवस चालणारा जेडब्ल्यूटी (ओळख पटवणारं, सर्व्हरने सही केलेलं टोकन) दिला, तो लोकलस्टोरेजमध्ये (ब्राउझरमधल्या, पानावरच्या स्क्रिप्टला वाचता येणाऱ्या साठ्यात) टाकला, आणि वर म्हणे 'सेशनची कटकट संपली', म्हणजे कोण लॉगिन आहे याची नोंद सर्व्हरवर ठेवायला नको. अहो, ती कटकट तुम्ही सभासदांच्या गळ्यात घातलीत! पानावर एक एक्सएसएस (परकी स्क्रिप्ट घुसू देणारी फट) निघाली की टोकन गेलं. ते ज्याच्या हाती पडेल त्याला ना पासवर्ड विचारला जातो, ना ओटीपी. सभासदाने लॉगआउट दाबलं तर त्याच्या ब्राउझरमधली प्रत पुसली जाते, चोराकडची महिनाभर चालते.

आधीच्या नोकरीत हे भोगलंय. एकाला कामावरून काढलं, खातं बंद केलं. तिसऱ्या दिवशी लॉग चाळताना त्याच्याच आयडीने अहवाल डाउनलोड झालेले दिसले. टोकन रद्द करायची सोयच नव्हती. शेवटी टोकनवर सही करायची सर्व्हरची की बदलली, सगळे वापरकर्ते एका क्षणात बाहेर. सोमवारी हेल्पडेस्कला फोन खाली ठेवायला मिळाला नाही.

रात्रपाळी:
ती पोस्ट माझी. एकट्याने काम करतो, टीम नाही. टोकन कुकीत ठेवलं की सीएसआरएफ (दुसऱ्याच साइटने वापरकर्त्याच्या नकळत त्याच्या नावाने रिक्वेस्ट पाठवणं) आलं, ते कोण निस्तरणार? आणि टोकन रद्द झालंय का हे प्रत्येक रिक्वेस्टला डेटाबेसलाच विचारायचं तर जेडब्ल्यूटी घ्यायचा कशाला?

बॅकएंडवाली:
तेच तर विचारतेय, कशाला? एक सर्व्हर, एक डेटाबेस. साधं सेशन ठेवा, एचटीटीपीओन्ली कुकी (पानावरच्या स्क्रिप्टला न वाचता येणारी), सेमसाइट लावा (म्हणजे दुसऱ्या साइटवरून आलेल्या रिक्वेस्टबरोबर कुकी जाण्यावर बंधन), फॉर्मला सीएसआरएफ टोकन. फ्रेमवर्क हे आयतं देतं. जेडब्ल्यूटी हवाच असेल तर 15 मिनिटांचा, आणि रिफ्रेश टोकन (नवा जेडब्ल्यूटी मिळवायचं टोकन) सर्व्हरवर नोंदवून, दर वापराला बदलून. एसएमएसचं म्हणाल तर 2018 मध्ये रेडिट या चर्चेच्या साइटच्या काही कर्मचाऱ्यांची खाती एसएमएस अडवूनच फोडली होती. टीओटीपी (फोनमधलं ॲप वेळेवरून स्वतःच बनवतं तो कोड) 2011 पासून आरएफसीत (इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांत) आहे, फुकट आहे.

गुहागरकर:
टीओटीपी म्हणे! माझी आई 72 वर्षांची, बटणांचा फोन. घरात रेंज नाही. ओटीपीसाठी ती अंगण ओलांडून माडाखाली जाते, आकडे तळहातावर लिहून आणते, तोवर शेजारच्या मुलाच्या लॅपटॉपवर 'वेळ संपली'. पावसात तर विचारूच नका. तुम्ही वायफायखाली बसून नियम करता.

दोन_मिनिटं_मागे:
पण टीओटीपीला रेंज लागतच नाही! गुप्त की आणि घड्याळ, 30 सेकंदांना नवा कोड.

गुहागरकर:
बटणांचा फोन म्हटलं ना! वाचता की नुसते तुटून पडता?

दोन_मिनिटं_मागे:
चुकलं, ते नजरेतून सुटलं. पण घड्याळाचंही ऐका. बाबांनी फोनची ऑटोमॅटिक वेळ बंद केली होती. दोन मिनिटं मागे. सलग पाच कोड चुकले, खातं लॉक, बाबा माझ्यावरच चिडले. सर्व्हरवर एक खिडकी (30 सेकंदांचा टप्पा) मागची-पुढची धरतात, दोन मिनिटांना ती पुरत नाही. आणि वापरलेला कोड पुन्हा चालता कामा नये, हे कितीजण तपासतात?

रात्रपाळी:
एसएमएसचं दुखणं मलाही आहे. डीएलटीवरच्या (कंपन्यांच्या एसएमएसचा मजकूर नोंदवायची यंत्रणा) मंजूर टेम्प्लेटमध्ये 'आपला'चं 'तुमचा' केलं, तर दिवसभर एकही ओटीपी पोचला नाही. तरी काहीच नसण्यापेक्षा एसएमएस बरा, यावर मी ठाम आहे.

बॅकएंडवाली:
तेवढं मान्य. गुहागरच्या आईंसाठी एसएमएस राहू दे, सोबत एकदाच चालणारे दहा कोड कागदावर छापून द्या. सर्व्हरवर मात्र ते हॅश करून (मूळ आकडे परत काढता येऊ नयेत असं रूप देऊन) ठेवा. आणि मोबाइल नंबर बदलला की निदान 24 तास पैसे हलू देऊ नका. खातं हाती लागलेला चोर नेमका तिथेच स्वतःचा नंबर टाकून ओटीपी आपल्याकडे वळवतो.

रात्रपाळी:
30 दिवस जास्तच होते. आज रात्री सेशनवर आणतो. बोलण्याची पद्धत जरा बरी असती तर कालच आणलं असतं.

गुहागरकर:
कोड छापाल तर अक्षर मोठं ठेवा, आणि नुसते आकडे. शून्य आणि इंग्रजी ओ यांत आई दर वेळी अडकते.