पद्मिनीचे व्हील कव्हर वाजतात म्हणून सिलिकॉन मारणं ही दुरुस्ती नव्हे

डावीकडचा_आरसा

आमच्याकडे १९७८ची प्रीमियर पद्मिनी आहे. मूळच्या छोट्या व्हील कॅप काढून वडिलांनी कधीतरी ऐंशीच्या दशकात तिला स्टीलचे मोठे, अख्खं रिम झाकणारे कव्हर बसवले. गेल्या दिवाळीत रिमना पावडर कोटिंग करून आणलं आणि तेव्हापासून कर्वे रोडला तीसच्या वेगातही लग्नातली भांडी टेम्पोतून चालल्यासारखा आवाज येतो. तीन ठिकाणी दाखवली. तिन्हीकडे एकच उत्तर, "साहेब, आतून सिलिकॉन मारतो, विषय संपला."

माझं मत स्पष्ट आहे, ही दुरुस्ती नव्हे. कव्हरच्या मागच्या कडेला जे दाते असतात ते खरं म्हणजे स्प्रिंगच आहेत. ते रिमच्या आतल्या कंगोऱ्यावर रुतून बसले पाहिजेत. दाते मऊ पडले, वाकले किंवा कंगोऱ्यावर रंगाचा गुळगुळीत थर चढला की पकड सुटते आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला कव्हर जरासं सरकून रिमवर आपटतं. तिथे चिकटवाचिकटवी केली तर आवाज जाईल, पण पकड परत येईल का? पुढच्या पंक्चरला पोऱ्या पेचकस घालून ते उचकटेल, काठ वाकेल आणि मग ते कव्हर कायमचं बाद.

घाटमाथा

काका, पकड-पकड काय करताय! माझ्या गाडीला चार वर्षांपूर्वी चारही कव्हरला सिलिकॉनचे सहा-सहा ठिपके लावलेत. आवाज बंद. कव्हर काढायचं तर पातळ दोरी घालून करवतीसारखी ओढायची, ठिपके कापले जातात. आणि ब्रेकच्या ड्रमच्या उष्णतेने वितळतं वगैरे कुणी सांगू नका. सिलिकॉन दीडशे अंशांपर्यंत आरामात टिकतं, रिमचा काठ एवढा कधीच तापत नाही.

डावीकडचा_आरसा

उष्णतेचं मान्य. पण कुठलं सिलिकॉन लावलंत? हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतं त्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. सुकताना त्यातून ॲसेटिक आम्ल निघतं आणि ते लोखंडाला गंज चढवतं. ठिपक्याखाली काय चाललंय ते वरून दिसत नाही.

घाटमाथा

वास न येणारं 'न्यूट्रल' मिळतं. तेच घ्यावं. प्रश्न मिटला.

मूळ_कागदपत्रं

तुम्ही दोघं चुकीच्या गोष्टीवर भांडताय. हे कव्हर त्या गाडीचे नाहीतच! कुर्ल्याच्या कारखान्यातून पद्मिनी छोट्या कॅपवर निघायची. काढून टाका ती स्टीलची ताटं. गाडी २०२८ला पन्नास वर्षांची होईल, तेव्हा व्हिंटेज नोंदणी करायची तर मूळ रूप लागतं.

डावीकडचा_आरसा

२०२१च्या त्या नियमात चासी, बॉडी आणि इंजिनातल्या मोठ्या बदलांचा मुद्दा आहे, व्हील कव्हरचा नाही. शिवाय व्हिंटेज नोंदणी झाली की गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. मला आईला घेऊन मंडईत जायचं असतं. आणि वडिलांनी बसवलेली ताटं मी काढणार नाही, हे आधीच सांगतो.

उणे_दोन_दशांश

मत नंतर द्या, आधी आवाज कुठला ते तरी शोधा. चारही कव्हर काढून त्याच रस्त्यावर त्याच वेगात एक चक्कर मारा. आवाज तरीही आला तर कव्हर बिचारे निर्दोष. ब्रेक दाबल्यावर आवाज बदलला तर ड्रमच्या आत बघा, वळणावर बदलला तर बेअरिंग. आणि चाकाचे नट सैल नाहीत ना हे सगळ्यात आधी, कारण कव्हरखाली ते दिसत नाहीत.

रच्याकने, कव्हरमध्ये खडा अडकला असेल तर तो फक्त हळू चालताना वाजतो. चाकाच्या मध्यापासून पंधरा सेंटिमीटरवर असलेला खडा गाडी ताशी साधारण ८-९ किमीच्या पुढे गेली की बाहेरच्या कडेला दाबला जातो आणि गप्प बसतो. तुमचा आवाज तीसला येतोय, म्हणजे खडा नव्हे.

भावकी_कोल्हापूर

भावा, एवढं गणित कशाला? सायकलची जुनी ट्यूब उभी चिरायची, कडेनं गुंडाळायची आणि कव्हर ठोकायचं. आमच्या ॲम्बेसिडरला हेच केलंय. एकदम गप्प.

उणे_दोन_दशांश

छोट्या कॅपला चालेल एखादवेळी, मोठ्या कव्हरला नको. दाते रबरावर बसतात, लोखंडावर नाही. खंबाटकी उतरताना माझ्यापुढच्या गाडीचं कव्हर असंच सुटलं आणि एका स्कूटरच्या बाजूने उड्या मारत दरीत गेलं. वीतभर अंतर होतं. आवाज परवडला.

भावकी_कोल्हापूर

ते बी खरं हाय.

डावीकडचा_आरसा

अपडेट. कव्हर काढून चक्कर मारली, गाडी मांजरासारखी गप्प. मग एकेक बसवत गेलो. दोनच वाजतात, पुढचं उजवं आणि मागचं डावं.

पुढच्या उजव्याचं कारण कोटिंगच होतं. कंगोऱ्यावरचा थर दाते बसतात तेवढ्या पट्टीतच बारीक पॉलिश पेपरने उतरवला आणि गंजू नये म्हणून वर प्रायमरचा अगदी पातळ हात दिला. मागच्या डाव्याचे तीन दाते आत दबले होते, बहुधा दर वेळी तिथेच टॉमी (उचकटायची लोखंडी कांब) घातल्यामुळे. पक्कडीने एकेक दाता दीडेक मिलिमीटर बाहेर घेतला. एकाच झटक्यात, कारण पुढे-मागे वाकवत बसलं की तो तुटतो. मग व्हॉल्व्ह भोकाच्या बरोबर मधोमध ठेवून आधी तिथली बाजू बसवली आणि समोरची बाजू रबरी मोगरीने. हे महत्त्वाचं. कव्हर फिरत राहिलं तर भोकाची धार ट्यूबचा व्हॉल्व्ह कापते.

सिंहगड रोडपर्यंत जाऊन आलो. शांत.

घाटमाथा

दीड तास काम केलंत. माझ्या ठिपक्यांना दहा मिनिटं लागली. पावसाळा जाऊ द्या, प्रायमर झिजला की तिथेच गंज धरेल, मग बोलू.

डावीकडचा_आरसा

धरेल कदाचित. दिसेल तरी.

मूळ_कागदपत्रं

बरं, त्या मूळच्या छोट्या कॅप घरात पडून असतील तर द्याल का? योग्य किंमत देईन.

डावीकडचा_आरसा

तीन आहेत. चौथीत आई गॅलरीत चिमण्यांना पाणी ठेवते, ती मागायची माझी हिंमत नाही.